दहा फुटांवरची चमक

खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे अकोल्याला राहायला येईपर्यंत मला माहीत नव्हतं. वलगावला मोठेबाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, मळ्यातली विहीर गोड पाण्याची. तिथे माय चुलीवर डाळ ठेवून वांगी तोडायला जायची आणि ती परत येईपर्यंत डाळ पार विरघळलेली असायची. अकोल्याबाहेर अकोट रस्त्याला बाबांनी गाड्या धुऊन पॉलिश करण्यासाठी जागा भाड्याने घेतली, तिच्या मागच्या दोन टिनाच्या खोल्यांत आम्ही राहू लागलो आणि पहिल्याच दिवशी मायने बोअरच्या पाण्यात डाळ लावली. दुपारचे दोन वाजले तरी दाणा वेगळा नि पाणी वेगळं. शेवटी तिने ती तशीच आमच्या ताटात वाढली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, "खा आता छर्रे."

त्या सगळ्या पट्ट्यातलं जमिनीखालचं पाणी तसंच. साबणाला फेस येत नसे, चहाला उगीच एक मचूळ चव लागे, आणि पितळी गुंडावर आठ दिवसांत पांढरी खपली चढे, ती माय चिंच लावून घासून काढी. गोडं पाणी टँकरने यायचं, आठवड्यातून दोनदा, विकत. टँकरचा हॉर्न रस्त्यावरून ऐकू आला की माय हातातली भाकर तव्यावर तशीच टाकून टाक्याचं झाकण उघडायला धावायची. त्या टाक्यातल्या पाण्याची वाटणी ठरलेली होती. आधी प्यायला, मग डाळीला, मग चहाला, आणि उरलेलं सगळं गाड्यांना. माणसांच्या अंघोळीला बोअर. मायचे केस गुडघ्याला लागायचे, तिला त्यांचा अभिमान होता, आणि वर्षभरात ते राठ झाले. नळीखाली उभ्या असलेल्या मोटारीकडे हात करून ती म्हणायची, "माह्या डोक्याचा काथ्या होऊन राह्यला, अन् हे बया पाय कशी गोड्या पान्यानं न्हाऊन राह्यली! पुढच्या जल्मी मले मोटारच कर रे देवा." बाबा हसायचे, पण गाडीच्या वाट्याची बादली काही कमी करायचे नाहीत.

बाबा मूळचे मळ्यातलेच. तीन भाऊ, मळा एक, आणि हुकूम चालायचा मोठेबाबांचा. बाबांकडे भाजी अमरावतीच्या बाजारात नेण्याचं काम होतं आणि त्यासाठी त्यांची स्वतःची एक जुनी मॅटाडोर. ती ते इतकी लख्ख ठेवायचे की कोबी-वांग्यांची गाडी आहे हे सांगून पटू नये. जुन्या मोटारींचा धंदा करणाऱ्या रमणशेठनी ती मॅटाडोर एकदा बाजारात पाहिली आणि विचारलं, "हे कोनी पॉलिश केली?" तिथून सुरुवात. रमणशेठचं गाड्यांचं मैदान अकोल्यात जठारपेठेत होतं. लोकांनी वापरून सोडलेल्या गाड्या ते घ्यायचे, दुरुस्त करायचे, चमकवायचे आणि विकायचे. चमकवायचं काम ठोकीत, म्हणजे एकगठ्ठा, बाबांकडे आलं. गाडीमागे मिळायचं थोडं, पण गाड्या पुष्कळ. बाबा मळ्यातून निघाले तेव्हा मोठेबाबा म्हणाले होते, "जाय. पन वापस आला तं पानी ओलाले येजो, हिस्सा मांगाले नाई." पाणी ओलायचं म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायचं, ते गड्याचं काम. अकोल्याच्या त्या दोन वर्षांत ते वाक्य आमच्याबरोबरच राहत होतं.

बाबांचं काम बघणं हा एक सोहळा असायचा. आधी बोअरच्या पाण्याने चिखल काढायचा, मग साबण, मग परत बोअर. मग रबिंग, म्हणजे बारीक खरखरीत लेप लावून जुन्या रंगाची वरची मेलेली पापडी काढायची. मग वॅक्स. आणि सगळ्यात शेवटी दोन बादल्या गोडं पाणी टपापासून खाली सोडायचं आणि सुकायच्या आत पुसून घ्यायचं. पुसायला मायच्या विटलेल्या सुती लुगड्यांचे तुकडे. बाबा म्हणत की धुऊन धुऊन मेलेल्या सुतासारखं मऊ जगात काही नाही. इथवर ठीक. पण ते सीटांच्या खालच्या लोखंडी पट्ट्या दातांच्या ब्रशने घासायचे, डिकीतलं रबर काढून उलटं करून पुसायचे, पाना-जॅकच्या पिशवीला साबण लावायचे. दिवसाला दोन गाड्या व्हायच्या, कधी दीड. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असं माय म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं. आमच्याकडे कामाला दोन बाया होत्या. त्यांची मजुरी, पॉलिशचे डबे, टँकर आणि भाडं गेलं की आमच्या हाती काय राहायचं ते मायच्या डब्यांकडे पाहून कळायचं.

रमणशेठ आठवड्यातून एकदा यायचे. पांढरा सफारी, पायात कोल्हापुरी, हातात पानाची पुडी. ते गाडीजवळ कधीच यायचे नाहीत. फाटकातच थांबायचे, डोळे बारीक करायचे आणि मान डोलवायची किंवा नाही डोलवायची. एकदा बाबा जॅकची पिशवी घासत बसले होते तेव्हा ते हसून म्हणाले, "गाडी दहा फुटांवरून साजरी दिसली का काम खतम. गिऱ्हाईकाले गाडी घ्याची असते भाऊ, लगन नाई लावाचं तिच्यासंग."

"बसल्यावर हात जाते ना खाली," बाबा म्हणाले.

"जाऊ द्या. तवर पैसे आलेले राह्यतेत."

मी तेव्हा बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला शेठचं म्हणणं पटलं होतं. आजही मी त्यांना लबाड म्हणणार नाही. ठोकीच्या कामाला ठोकीची रीत असते. पन्नास गाड्या करायच्या तर प्रत्येकीला नवरीसारखं सजवता येत नाही, आणि सजवली तर पुढच्या महिन्यात तुम्हीच राहत नाही. आता नांदगाव पेठेजवळ माझी स्वतःची शेड आहे, तीन डीलरांच्या गाड्या येतात, पाणी गोड करायचं यंत्र आहे, आणि तरीही रोज सकाळी मी हाच प्रश्न सोडवत असते की या गाडीला किती हात द्यायचे. वयाची साठी जवळ आली, पण याचं एकदाचं ठरलेलं उत्तर मला सापडलेलं नाही. डीलर फोनवर फोटो मागतात, आणि फोटो म्हणजे तरी दहा फूटच.

तर मी कामाला लागले. सकाळी कॉलेज, दुपारी शेड. आधी दातांचा ब्रश लपवून ठेवला. मग कामाची रीत बदलली. एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची आणि मग दुसरीला हात लावायचा, हे बंद. सहा गाड्या रांगेत लावायच्या. सहांच्या मॅटा एकदम काढून वाळत घालायच्या, सहांच्या सीटा एका बाईने, काचा दुसरीने, मग सहांना एकदम साबण, सहांना एकदम पाणी, आणि मग एका टोकापासून पुसत जायचं. दिवसाला दोनाच्या चार गाड्या होऊ लागल्या. बाबा आधी फुरंगटले, मग गप्प बसून बघू लागले, आणि एका संध्याकाळी वांग्याची भाजी नि पानगे खाताना मायला म्हणाले, "पोट्टीनं भल्लं डोकं लावलं हो." त्या दिवशी मायने डाळीवर तुपाची धार जास्त धरली, हे मी विसरलेले नाही. मला कधी कोणी पहिला नंबर दिला नव्हता. मी जमिनीवर चालत नव्हते.

पाडवा जवळ आला. आमच्याकडे गाडी घ्यायची तर दसऱ्याला नाही तर पाडव्याला. एरवी घेतलेली गाडीही लोक तोवर दारात उभी करत नाहीत. रमणशेठकडे त्या पाडव्यासाठी अकरा गाड्या तयार व्हायच्या होत्या, काही अकोल्यात आणि काही अमरावतीत पडलेल्या. शेठ म्हणाले, "हे अकरा टाइमावर अन् साजऱ्या द्या. मंग अकोला-अमरावती दोन्हीकडलं वर्षभराचं काम तुमचंच. नाई तं नागपूरवाला एक येऊन राह्यला, थो तुमच्याहून कमीत करतो म्हनते." ते गेल्यावर बाबा बराच वेळ फाटकात उभे राहिले. मग मला म्हणाले, "शोभे, हे जमलं तं आपन अकोल्यातच. नाई जमलं तं वलगाव." मळ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, मोठेबाबांचंही नाही. घेण्याची गरज नव्हती. पन्नाशीला आलेला माणूस भावाच्या वाफ्यांना पाणी देताना कसा दिसेल, हे मला न सांगता दिसत होतं. बाबा अमरावतीच्या गाड्या एकेक करून चालवत आणायला गेले, आणि तीन दिवस शेड माझ्या ताब्यात आली.

चैत्राच्या तोंडावर टँकरवाल्याने भाव वाढवला. दीडपट. आधीच कोरड पडलेली, त्यात सणाचे दिवस. मी हिशेब केला तेव्हा अकरा गाड्यांच्या शेवटच्या दोन-दोन बादल्यांसाठी एक जादा टँकर मागवावा लागत होता, आणि आमचा या कामातला नफा म्हणजे जवळजवळ तोच टँकर. मग मी म्हटलं, गोडं पाणी लागतंच कशाला? बोअरच्या पाण्याने धुऊन चटकन पुसलं तर काय बिघडतं? आणि मी काही आंधळेपणाने केलं नाही. तपासून पाहिलं. एक गाडी घेतली, फक्त बोअरच्या पाण्याने धुतली, पुसली, उन्हात ठेवली, आणि दोन तासांनी चारी बाजूंनी बघितली. एक डाग नाही. माझी खात्री पटली आणि मी टँकरवाल्याला नको म्हणून सांगितलं.

ती गाडी पांढरी होती. त्या काळी रस्त्यावरच्या दहातल्या आठ गाड्या पांढऱ्याच असायच्या. आमच्या शेडमध्ये येणाऱ्याही जवळजवळ सगळ्या पांढऱ्या, आणि पांढरा हाच जणू गाडीचा रंग असतो अशी आमच्या डोळ्यांना सवय झाली होती. पांढऱ्यावर पांढरा डाग दिसत नाही, एवढी साधी गोष्ट लहान पोरही सांगेल. मला सुचली नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझाच.

पाडव्याच्या दोन दिवस आधी दुपारी पाच गाड्या रांगेत लावून मी धुतल्या. त्यांत चार रंगीत होत्या. एक काळी, एक गर्द निळी, एक मरून, एक हिरवी. साबण एकदम, पाणी एकदम, माझ्या नव्या रीतीप्रमाणे. ऊन असं की टिनाचे पत्रे तडतडत होते. मी आणि एक बाई पांढऱ्या गाडीपासून पुसत निघालो, आणि काळीपाशी पोचेपर्यंत ती आपोआप सुकली होती. तिच्या बॉनेटवर, टपावर, दारांवर पांढऱ्या कड्यांची रांगोळी. प्रत्येक थेंबाच्या जागी एक गोल कडं, बाजरीएवढं, काही चवलीच्या नाण्याएवढं. मी ओल्या फडक्याने पुसलं. गेलं नाही. साबण लावला. गेलं नाही. मग निळीकडे धावले, मग मरूनकडे. चारींना तेच.

माय भाकरी टाकायची सोडून आली. तिने काळ्या गाडीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे तं आपल्या गुंडावरची खपली हाय." मग तीच आत गेली, चिंच कोळून आणली, गाळली, आणि आम्ही दोघी नि त्या दोन बाया लुगड्याचे बोळे करून एकेक कडं चोळत बसलो. प्यायचं होतं-नव्हतं तेवढं गोडं पाणी त्यावर ओतलं. हिरवीचं बरंचसं निघालं. निळीचं नि मरूनचं दारावरचं निघालं, टपावरचं नाही. काळीचं मात्र बॉनेट जसंच्या तसं. तिथे इंजिनाची नि उन्हाची दोन्ही धग, खार रंगात उतरला होता. ते काढायचं तर परत रबिंग, हाताने, गाडीमागे अर्धा दिवस. आणि सहा पांढऱ्या गाड्या अजून व्हायच्या होत्या.

आमच्याकडे टायरला लावायचं एक चमकीचं तेल असायचं. स्वस्त, पातळ, लावलं की जुनं टायर नव्यासारखं काळंभोर. मी ते फडक्यावर घेतलं आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर फिरवलं. कडी नाहीशी झाली. गाडी अशी झळकली की तिच्यात मला माझं तोंड दिसलं. मग निळीच्या नि मरूनच्या टपांवरही फिरवलं, हिरवीवर राहिलं होतं तिथेही. माय कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पी हळद अन् हो गोरी," ती म्हणाली. "तुया बाबाले सांगशील?"

"पाडवा झाल्यावर," मी म्हटलं. "तोवर बोलू नको."

ती बोलली नाही. हे तिने माझ्यासाठी केलं की अकोल्यासाठी, मी तिला कधी विचारलं नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची गाडी घेऊन आले. उन्हाने रापलेले, डोळे लाल. आधीच्या दहा गाड्या रांगेत उभ्या होत्या. ते फाटकातच थांबले, अगदी शेठसारखे, आणि लांबूनच म्हणाले, "साजरं केलं वं शोभे." जवळ येऊन बघितलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून बघितलं नाही, आणि मला त्या क्षणी ते जवळ आले असते तर बरं झालं असतं असंही वाटलं आणि न आल्याने हायसंही वाटलं. आणलेली गाडी तेवढी उरकून संध्याकाळी अकराही गाड्या जठारपेठेत गेल्या.

पाडव्याला सकाळी बाबा मलाही सोबत घेऊन गेले. "तू केल्या, तू चाल." रमणशेठच्या मैदानाला आंब्याच्या पानांचं तोरण, गाड्यांना झेंडूच्या माळा, एका कोपऱ्यात नारळांचं पोतं. आठ वाजेपर्यंत निळी नि मरून विकूनही गेल्या होत्या. शेठ खुशीत होते. बाबांच्या हाताला धरून त्यांनी स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं. काळी गाडी घेतली होती पिठाची चक्की असलेल्या वामनरावांनी. त्यांच्या घरातली पहिली गाडी. ते, त्यांची बायको, दोन मुली नि एक म्हातारे सासरे असे सगळे रिक्षाने आले होते. वामनरावांनी नवा सदरा घातला होता, पण कानामागे पिठाची रेघ राहून गेली होती.

त्यांच्या बायकोने वाटीत हळद-कुंकू कालवलं. अनामिका बुडवली आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला सुरुवात केली. पहिली रेघ ओढली आणि ती जागेवर राहिलीच नाही. कुंकवाचा थेंब झाला, थेंब गोळा झाला आणि घरंगळत खाली नंबर प्लेटवर गेला. तिने परत रेघ ओढली. परत घरंगळली. तेलकट ताटावर पाणी पळतं तशी. धाकटी मुलगी हसली. बाई हसली नाही. तिचा चेहरा उतरला. पाडव्याच्या दिवशी, पहिल्या गाडीवर कुंकू ठरत नाही म्हणजे काय, हे ती स्वतःलाच विचारत होती. "काहून ठरून नाई राह्यलं हो?" ती नवऱ्याला म्हणाली. आणि मग तिने घाईघाईने पदराने ती जागा खसखसून पुसली. पदर काळा झाला. आणि त्याच्याखाली, भर उन्हात, ती पांढरी कडी उघडी पडली.

मी आयुष्यात खूप माणसांना खाली मान घालताना पाहिलं आहे, पण बाबांची मान तेव्हा खाली गेली नाही. ते पुढे झाले, वाकले, कड्यावर नख फिरवलं, नख नाकाशी नेलं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, पाणी आणि तेल दोन्ही. शेठ बाबांकडे बघत होते. वामनराव शेठकडे बघत होते. बाबा कोणाकडेच बघत नव्हते. ते गप्प राहिले असते तर सगळा दोष त्यांच्यावरच गेला असता, आणि ते गप्पच राहणार होते हे मला कळलं.

"हे मी केलं," मी म्हटलं. "बाबा नव्हते. मी खाऱ्या पाण्यानं धुतली अन् डाग झाकाले तेल लावलं."

 वामनरावांची बायकोच म्हणाली, अगदी हळू, "बाई वं, तुले कुंकवाची तरी आठवन कराची होती."

बाबांनी तिथेच सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. मैदानावरचा पॉलिशचा डबा मागवला आणि वामनरावांना म्हणाले, "दोन घंटे द्या मले. मुहूर्त दुपारपर्यंत हाये. पटलं तं न्या, नाई पटलं तं शेठ पैसे वापस देतीन." आणि ते बॉनेटवर वाकले. शेठने मंडळींना सरबत दिलं, खुर्च्या दिल्या. दीड तासाने बॉनेट खरोखर काळं झालं, तेलाशिवाय. बाईने परत बोट बुडवलं. या वेळी स्वस्तिक बसलं. नारळ फुटला, गाडी गेली, आणि शेठने सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मनात आलं की वाचलो.

तेव्हा बाबा हात पुसत म्हणाले, "शेठ, निळीवाल्याचा अन् मरूनवाल्याचा पत्ता द्या."

"कायले?"

"त्याईच्याही टपावर हेच असन."

शेठ आधी हसले. मग त्यांना कळलं की बाबा गंमत करत नाहीत. "हे पाहा भाऊ," ते म्हणाले, "त्याईले दिसलं नाई. थे खुश हायेत. तुमी घरी जाऊन सांगसान का गाडीत खोट हाये? उद्या अकोलाभर बोभाटा होईन. माह्या मैदानावर कोन पाय ठेवन? विकलेल्या गाडीच्या मांगं जाऊ नोका."

"तेल आठ दिवसांत उडन. मंग थे तुमालेच शिव्या देतीन."

"देऊ द्या. आठ दिवसांनी कोनीही खरोंच दाखवते. मी म्हनीन, धुतली कशानं? निस्तरतो मी थे. पोट्टीची चूक झाली, माफ. वर्षाचं काम तुमचं, मी जबान दिली हाये. फक्त आता घरी जा."

शेठ खरंच सांभाळून घेत होते, हे मी आजही मान्य करते. बाबा उभेच राहिले. शेठने शेवटी पावतीपुस्तक उघडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "घ्या पत्ते. लिहून घ्या. पन मंग उद्यापासून गाड्या येनार नाईत." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. भाव सांगावा तसं म्हटलं. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि पत्ते उतरवून घेतले. आणि हिरवी अजून मैदानातच होती, तर जाण्याआधी तिचा टपही घासून दिला.

निळ्या गाडीचा मालक शहरातलाच, कापडाचा दुकानदार. त्याने आम्हाला दुकानासमोर पंधरा मिनिटं उभं करून झोडपलं, गर्दी जमवली, आणि मग त्याच गर्दीसमोर बाबांकडून टप घासून घेतला. ते मला फार जड गेलं नाही. शिव्या खाल्ल्या की हलकं वाटतं. जड गेलं ते दुसरं घर.

मरून गाडी गेली होती मूर्तिजापूरच्या पुढच्या एका गावात, एस.टी.तून निवृत्त झालेल्या कंडक्टरकडे. तिसऱ्या दिवशी मॅटाडोरमध्ये गोड्या पाण्याचे दोन कॅन टाकून आम्ही तिथे पोचलो. त्यांनी गाडीवर मच्छरदाणी शिवून टाकली होती, धुळीसाठी. ती बाजूला करून ते आम्हाला गाडी अशी दाखवू लागले, जसं काही आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती. दार उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. जन्मभर दुसऱ्यांना तिकीट फाडून दिलं, आता आपल्या गाडीत बसतो, असं म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. बाबा म्हणाले की टपावर डाग असतील, ते काढायला आलो. कंडक्टरकाकांनी टपाकडे बघितलं. "कुठी हायेत डाग? मले तं नाई दिसत. मस्त हाये गाडी."

 बाबांनी माझ्याकडे बघितलं. बस, बघितलं. तिथे कोणी पाहणारं नव्हतं, कोणी पकडणारं नव्हतं, त्या माणसाला मरेपर्यंत कळलं नसतं. आम्ही पाणी पिऊन परत निघालो असतो तर ते आनंदात राहिले असते. मी काकांचा हात धरला आणि त्यांचं बोट टपावरच्या कड्यावर फिरवलं. खरखर लागली. त्यांचं हसू गेलं. मला वाटतं, खोटं लपवण्याहून ते उघडं करणं मला त्या दिवशी जास्त वाईट वाटलं, आणि आजही ते हसू जाताना मला दिसतं. मग मी सगळं सांगितलं. बाबांनी डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः सावलीत जाऊन बसले. टप मी घासला. तीन तास लागले. काकांनी शेवटी बोट फिरवून पाहिलं, चहा दिला, आणि फाटकाशी येऊन एवढंच म्हणाले, "नसतं सांगतलं तं मले समजलं नसतं." ते आभार होते की तक्रार, मला कळलं नाही.

आता मी माझ्या शेडमध्ये सीटांखालच्या पट्ट्या दातांच्या ब्रशने घासत नाही, जॅकची पिशवी झटकून परत ठेवते, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जे कमी केलं ते डीलरच्या तोंडावर सांगून कमी करते आणि भावही तसाच घेते. कमी काम करणं आणि केल्यासारखं दाखवणं यांतला फरक मला कोणत्याही कॉलेजात शिकवला नव्हता. पण हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मॅटाडोरमध्ये मी पॉलिशचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. अकोल्याची शेड महिनाअखेर सोडायची हे ठरलं होतं, आणि आम्ही तसेच पुढे वलगावला चाललो होतो, मोठेबाबांना भेटायला.

 बडनेरा मागे पडल्यावर मी धीर करून विचारलं, "बाबा, तुमाले माहा राग नाई आला का?"

त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "राग आला असता तं तुले घरी ठेवून आलो असतो, शोभे," ते म्हणाले. "संग नसतं आनलं."

मग मोठेबाबांना काय नि कसं सांगायचं, ते आम्ही दोघं मिळून ठरवू लागलो.